विश्लेषण : अख्खे यकृत न बदलता नुसत्या पेशी सोडून उपचार शक्य आहे? यकृत पेशी प्रत्यारोपण काय आहे, ते अडले कुठे?

बाळ पूर्ण दिवसांचे, वजन चांगले, जन्मताच रडलेले. पहिला दिवस छान जातो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ते दूध ओढेनासे होते, सुस्त पडते, उलट्या करते, श्वास जोरात घेऊ लागते. जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके सुरू होतात, पण बाळ सुधारत नाही. मग कुणाला तरी रक्तातील अमोनिया तपासण्याचे सुचते आणि आकडा पाहून धावपळ सुरू होते. ‘युरिया सायकल डिसऑर्डर’ या आनुवंशिक चयापचय विकारांची सुरुवात अनेकदा अशी होते.

अशा बाळांचे यकृत दिसायला ठणठणीत असते, बिघडलेले असते ते त्यातले एकच रासायनिक काम. मग त्या एका कामासाठी अख्खे यकृत बदलायचे, की निरोगी यकृताच्या काही कोटी पेशी सलाइनसारख्या शरीरात सोडून भागवता येईल? गेली सुमारे पाच दशके संशोधक या प्रश्नामागे आहेत. उत्तर अर्धे ‘हो’ आहे. ते अर्धेच का, हे समजून घेऊ.

आजार नेमका कुठे असतो?

यकृत हा शरीरातला रासायनिक कारखाना आहे, हे शाळेत शिकलेले असते. या कारखान्यातील मुख्य कामगार म्हणजे ‘हेपॅटोसाइट’ नावाच्या पेशी. यकृताचा बहुतांश भाग त्यांचाच बनलेला असतो. साखर साठवणे आणि गरजेला सोडणे, रक्त गोठवणारी प्रथिने बनवणे, जुन्या रक्तपेशींतून तयार होणारे पिवळे बिलिरुबिन बाहेर टाकण्याजोगे करणे, प्रथिनांच्या पचनातून निघालेल्या अमोनियाचे युरियात रूपांतर करणे, अशी शेकडो कामे या पेशी करतात.

प्रत्येक कामासाठी ठरावीक एन्झाइम म्हणजे विकर लागते आणि ते बनवण्याची कृती जनुकात लिहिलेली असते. जनुकात दोष असेल तर ते विकर तयार होत नाही किंवा निकामी तयार होते. तेवढी एक साखळी तुटते आणि बाकीचे यकृत व्यवस्थित चालत राहते.

यातील बहुतेक विकार आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होतात. आई-वडील स्वतः निरोगी असतात, त्यांना आपण वाहक असल्याचा पत्ताही नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मामेबहीण-आतेभाऊ अशा नात्यांत लग्न झाले असेल, तर दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याचा धोका वाढतो. ‘ओटीसी’ या विकराचा अभाव मात्र एक्स गुणसूत्रावरून येतो. त्यामुळे त्याचे गंभीर स्वरूप मुख्यतः मुलग्यांत दिसते.

अमोनिया इतका घातक का?

दूध प्यायले की बाळाच्या शरीरात प्रथिने जातात. त्यातला नको असलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने उरतो. निरोगी यकृत त्याचा युरिया करते आणि तो लघवीवाटे निघून जातो. सहा मुख्य विकरांच्या या साखळीला युरिया चक्र म्हणतात. यातले एखादे विकर नसेल तर अमोनिया रक्तात साचतो, मेंदूत शिरतो आणि मेंदूला सूज येते. गर्भात असताना आईचे शरीर हे काम सांभाळते, म्हणून बाळ जन्मताना धडधाकट दिसते. नाळ कापल्यानंतर त्याच्या स्वतःच्या यकृताची परीक्षा सुरू होते.

युरिया चक्राचे विकार सगळे मिळून साधारण ३५ हजार जन्मांमागे एका बाळात आढळतात, असा अंदाज आहे. उपचारात प्रथिने तात्पुरती बंद करून ग्लुकोज देतात, नायट्रोजनला दुसऱ्या वाटेने बाहेर काढणारी सोडियम बेंझोएटसारखी औषधे देतात आणि गरज पडल्यास इतक्या लहान जिवाचे डायलिसिसही करतात. बाळ कोमात जितका जास्त वेळ राहते, तितके मेंदूचे नुकसान वाढते. ते पुढे भरून निघत नाही.

‘क्रिग्लर-नज्जार सिंड्रोम’चा पहिला प्रकार अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी १९५२ मध्ये नोंदवला. त्यात बिलिरुबिनवर प्रक्रिया करणारे विकर नसते. नवजात बाळांची नेहमीची कावीळ काही दिवसांत उतरते, पण या मुलांची कधीच उतरत नाही. रोज दहा-बारा तास निळ्या प्रकाशाखाली झोपणे हा त्यांचा दिनक्रम होतो. मूल वाढते तशी त्वचा जाड होते, वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ कमी पडते आणि प्रकाशोपचार अपुरा ठरू लागतो. बिलिरुबिन मेंदूत साचले तर कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू ओढवतो.

मग यकृत प्रत्यारोपण हाच उपाय नाही का?

आहे, आणि तो खात्रीचा आहे. नव्या यकृतात ते विकर असतेच, त्यामुळे चयापचयाचा दोष बहुतेक आजारांत दूर होतो. लहान मुलासाठी आई किंवा वडिलांच्या यकृताचा डावीकडचा छोटा भाग, साधारण पाचवा हिस्सा, पुरतो. दात्याचे यकृत काही आठवड्यांत बरेचसे भरून येते. भारतात लहान मुलातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीतील अपोलो रुग्णालयात झाले. आज देशातील अनेक शहरांत ही शस्त्रक्रिया होते.

अडचण वेळेची आणि आकाराची आहे. तीन किलोच्या, नुकत्याच कोमातून बाहेर आलेल्या बाळावर इतकी मोठी शस्त्रक्रिया जोखमीची असते. ते काही महिन्यांचे, थोडे वजनदार झाले की धोका कमी होतो. पण तेवढा काळ काढायचा कसा? साधी सर्दी, ताप किंवा लशीनंतरचा तापही अमोनिया उसळायला पुरेसा ठरतो. शिवाय एका विकरासाठी बाकी सगळे चांगले असलेले यकृत काढून टाकायचे, हेही खटकते. एका पंपासाठी अख्खे पाणीपुरवठा केंद्र पाडावे, तसे ते आहे.

पेशी प्रत्यारोपणात नेमके काय करतात?

सुरुवात दान मिळालेल्या यकृतापासून होते. चांगले यकृत अर्थातच पूर्ण प्रत्यारोपणासाठी जाते. पेशींसाठी मिळते ते उरलेले : चरबी जास्त असल्याने नाकारलेले किंवा मोठ्या यकृताचा भाग लहान मुलाला दिल्यावर शिल्लक राहिलेले. त्याच्या रक्तवाहिन्यांत नळ्या घालून आधी एक द्रावण सोडतात. ते पेशींना जोडून ठेवणारे कॅल्शियम धुऊन काढते. मग शरीराइतक्या, म्हणजे ३७ अंश तापमानावर ‘कोलॅजिनेज’ हे विकर सोडतात. पेशींना बांधून ठेवणारे जाळे विरघळते, यकृत मऊ पडते आणि पेशी सुट्या होतात. त्या गाळून, सावकाश फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये धुऊन घेतल्या जातात. मग एक निळा रंग टाकून मोजणी होते. मेलेली पेशी रंग शोषते आणि जिवंत पेशी त्याला आत येऊ देत नाही. जिवंत पेशींचे प्रमाण पुरेसे असेल तरच त्या वापरतात.

आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर म्हणजे पोर्टल व्हेन. बारीक नळीतून या शिरेत पेशींचे द्रावण हळूहळू सोडतात. नवजात बाळात नाळेच्या शिरेतूनही तिथवर पोहोचता येते. पोट उघडावे लागत नाही. पेशी रक्ताबरोबर यकृतात जातात, बारीक वाहिन्यांच्या भिंतीतून वाट काढून शेजारच्या पेशींच्या रांगेत बसतात आणि कामाला लागतात. रुग्णाचे स्वतःचे यकृत जागच्या जागी राहते. उपचार फसला तर पूर्ण प्रत्यारोपणाचा मार्गही मोकळा राहतो. पेशी दुसऱ्याच्या असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मात्र घ्यावीच लागतात.

ही कल्पना कुठून आली?

दोन गोष्टी जुळून आल्या. पहिली म्हणजे १९६९ मध्ये बेरी आणि फ्रेंड या संशोधकांनी उंदरांच्या यकृतात विकर सोडून मोठ्या संख्येने जिवंत पेशी वेगळ्या करण्याची पद्धत दाखवली. त्याआधी पेशी सुट्या करताना बऱ्याचशा मरत.

दुसरी गोष्ट म्हणजे पिवळे उंदीर. १९३८ मध्ये गन या संशोधकाने जन्मजात कावीळ असलेल्या उंदरांची एक जात नोंदवली होती. त्यांच्यात क्रिग्लर-नज्जारमधलेच विकर नसते. १९७६ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटात आर्थर मॅटस आणि सहकाऱ्यांनी या उंदरांत निरोगी यकृत पेशी सोडल्या आणि रक्तातील बिलिरुबिन कमी झाले. चयापचयाचा आनुवंशिक दोष सुट्या पेशींनी भरून काढता येतो, याचा तो ठोस पुरावा होता.

माणसांतले सुरुवातीचे प्रयत्न १९९०च्या दशकात झाले. जपानमध्ये मिचिओ मितो यांनी सिरोसिसच्या रुग्णांना त्यांच्याच यकृतातील पेशी दिल्या. अमेरिकेत जेम्स विल्सन यांच्या गटाने रक्तातील कोलेस्टेरॉल आनुवंशिक कारणाने प्रचंड वाढलेल्या रुग्णांच्या यकृताचा तुकडा काढला, त्यातील पेशींत योग्य जनुक घातले आणि त्या परत सोडल्या. परिणाम मर्यादित होता, पण वाट दिसली.

१९९८ मध्ये काय घडले?

या क्षेत्रातील सर्वाधिक उल्लेखले जाणारे उदाहरण नेब्रास्कातील ओमाहाचे आहे. क्रिग्लर-नज्जार असलेल्या दहा वर्षांच्या मुलीला इरा फॉक्स यांच्या चमूने पोर्टल व्हेनमधून सुमारे साडेसातशे कोटी यकृत पेशी दिल्या. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधील भारतीय वंशाचे संशोधक जयंत रॉय चौधरीही या कामात होते. १९९८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये याचा अहवाल आला.

मुलीचे बिलिरुबिन सुमारे निम्म्यावर आले. दिव्याखाली घालवावे लागणारे तास कमी झाले. यकृतातील त्या विकराची पातळी सामान्य पातळीच्या अर्ध्या टक्क्याहून कमी होती, ती पाच टक्क्यांच्या थोडी वर गेली.

आकडा छोटा वाटतो, पण मुद्दा तोच आहे. आनुवंशिक चयापचय विकारांत विकर शंभर टक्के भरून काढावे लागत नाही. पाच-दहा टक्के मिळाले तरी जीवघेणा आजार सांभाळण्याजोगा होऊ शकतो. मात्र ही मुलगी पूर्ण बरी झाली नाही. प्रकाशोपचार सुरू राहिला आणि पुढे तिला यकृत प्रत्यारोपण करावेच लागले.

इतर आजारांत काय अनुभव आला?

इटलीतील पादुआ येथे ४७ वर्षांच्या एका महिलेला ग्लायकोजन साठवणुकीचा विकार होता. यकृतातील साखर रक्तात सोडता येत नसल्याने थोड्या तासांच्या उपवासानेही तिची साखर धोकादायकरीत्या उतरे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार सुमारे दोनशे कोटी पेशी दिल्यानंतर ती सात तास न खाता राहू शकली. निरोगी माणसाला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण तिच्यासाठी रात्री सलग झोप मिळणे आणि दर तीन तासांनी उठून खावे लागणे यांतला हा फरक होता.

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये अनिल धवन यांच्या चमूने रक्त गोठवणारा सातवा घटक नसलेल्या दोन भावांना पेशी दिल्या. बाहेरून द्याव्या लागणाऱ्या घटकाची गरज सुमारे पाचव्या हिश्शावर आली. काही महिन्यांनी परिणाम ओसरला आणि दोघांचेही यकृत प्रत्यारोपण झाले. बेल्जियममध्ये युरिया चक्राचा विकार असलेल्या साडेतीन वर्षांच्या मुलीच्या यकृताचा तुकडा वर्षभराने तपासला, तेव्हा त्यात दात्याच्या पेशी जिवंत सापडल्या. दाता पुरुष होता, त्यामुळे मुलीच्या यकृतातील त्याच्या पेशी वाय गुणसूत्रावरून ओळखता आल्या.

एकंदर चित्र असे : पेशी पोहोचतात, काम करतात, आजार सौम्य करतात आणि बहुतेकदा काही महिन्यांत त्यांचा जोर कमी होतो.

मग ही पद्धत सर्रास का वापरली जात नाही?

चार अडथळे आहेत.

पहिला, संख्येचा. एका वेळी फार पेशी सोडल्या तर यकृतातील बारीक वाहिन्या तुंबतात, पोर्टल व्हेनमधील दाब वाढतो, गुठळी होऊ शकते. म्हणून थोड्या थोड्या पेशी अनेक बैठकांत द्याव्या लागतात. त्यातही रक्तात शिरताच शरीराची जन्मजात संरक्षण यंत्रणा त्यांच्यावर तुटून पडते आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच बहुतांश पेशी नष्ट होतात.

दुसरा, जागेचा. उंदरांवरील प्रयोगांत टायरोसिनेमिया या विकारात थोड्या निरोगी पेशी सोडल्या, तरी त्यांनी वाढत वाढत जवळजवळ पूर्ण यकृत व्यापले. कारण त्या आजारात मूळ पेशी विषारी द्रव्याने मरत असतात आणि नव्यांना जागा मिळते. युरिया चक्राच्या विकारात किंवा क्रिग्लर-नज्जारमध्ये मूळ पेशी धडधाकट असतात. नोकरभरतीच्या भाषेत सांगायचे तर एकही पद रिक्त नसते. नव्या पेशी वाढायला कारणच मिळत नाही. यावर तोडगा म्हणून पिट्सबर्गमधील संशोधकांनी यकृताच्या एका भागाला आधी नियंत्रित किरणोत्सर्ग देऊन जागा करण्याचा प्रयत्न केला आहे.

तिसरा, नकाराचा. पूर्ण यकृत शरीर नाकारू लागले की रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढतात आणि डॉक्टर सावध होतात. इथे शंभरातल्या चार-पाचच पेशी परक्या असतात. त्या मेल्या तरी तपासणीत फारसे काही दिसत नाही. आजार परत आला की मगच कळते.

चौथा, कच्च्या मालाचा. चांगल्या यकृतांची टंचाई असताना पेशींसाठी उरतात ती दुय्यम दर्जाची. यकृत पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांची संख्या वाढवणे कठीण आहे. गोठवून ठेवता येतात, पण वितळवताना अनेक मरतात आणि उरलेल्यांची ताकद घटते.

म्हणूनच एवढ्या वर्षांनंतरही जगभरातील प्रसिद्ध नोंदी शेकड्यांतच मोजाव्या लागतात.

युरोपने परवानगी का नाकारली?

एका जर्मन कंपनीने गोठवलेल्या यकृत पेशींचे ‘हेपारेस्क’ हे औषध तयार केले होते. युरिया चक्राचा विकार असलेल्या लहान मुलांना प्रत्यारोपण होईपर्यंत आधार देणे, हा त्याचा हेतू होता. २०१५ मध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने त्याला मान्यता देण्यास नकार दिला. परिणामकारकता पुरेशी सिद्ध झालेली नाही, असे तिचे मत होते.

इथे दुर्मीळ आजारांची कायमची अडचण दिसते. रुग्ण मूठभर. निम्म्या बाळांना पेशी द्यायच्या आणि निम्म्यांना नाही, अशी चाचणी घेणे अवघड. मग जुन्या रुग्णांच्या नोंदींशी तुलना करावी लागते. पण दरम्यान औषधे आणि अतिदक्षता विभाग सुधारलेले असतात. बाळ सावरले ते पेशींमुळे की चांगल्या देखभालीमुळे, हे ठामपणे सांगता येत नाही.

बेल्जियममध्ये प्रौढ यकृतातून वाढवलेल्या मूळ पेशींसारख्या पेशींची चाचणी २० मुलांवर झाली. त्यातील १४ जणांना युरिया चक्राचा विकार, तर सहा जणांना क्रिग्लर-नज्जार होता. त्यातून सुरक्षिततेबद्दल बरीच माहिती मिळाली. सर्रास वापरता येईल असा उपचार मात्र अजून हाती आलेला नाही.

जपानमधील सहा दिवसांच्या बाळाची चर्चा का झाली?

कच्च्या मालाच्या टंचाईवर एक उत्तर तिथे दिसले. टोकियोतील राष्ट्रीय बालआरोग्य केंद्राने मे २०२०मध्ये जाहीर केले की, युरिया चक्राचा विकार असलेल्या सहा दिवसांच्या बाळाला मानवी भ्रूणमूळ पेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेल्या यकृत पेशी देण्यात आल्या. सुमारे १९ कोटी पेशी पोटातील शिरेतून सोडल्या. त्या आधाराने बाळ काही महिन्यांचे झाले, मग वडिलांच्या यकृताचा भाग बसवण्यात आला आणि ते घरी गेले.

पेशींनी बाळाला बरे केले नाही, प्रत्यारोपणापर्यंत पोहोचवले. आजघडीला या उपचाराची सर्वात प्रामाणिक व्याख्या हीच आहे : तो पूल आहे. पण दात्याच्या मृत्यूची वाट न पाहता पेशी कारखान्यात बनवून फ्रीझरमध्ये तयार ठेवता आल्या, तर हा पूल हव्या त्या रात्री उपलब्ध असेल.

जनुकीय उपचार आल्याने पेशींची गरज संपणार?

स्पर्धा नक्कीच वाढली आहे. २०२३ मध्ये युरोपातील चाचणीत क्रिग्लर-नज्जारच्या रुग्णांना निरुपद्रवी विषाणूच्या वाहनातून योग्य जनुक देण्यात आले. जास्त मात्रा मिळालेल्या तिघांना प्रकाशोपचार थांबवता आला. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात युरिया चक्रातील ‘सीपीएस१’ विकराचा अभाव असलेल्या एका बाळासाठी त्याच्याच जनुकातील चूक दुरुस्त करणारे खास औषध सुमारे सहा महिन्यांत तयार झाले. त्यानंतर बाळाला जास्त प्रथिने सोसू लागली आणि औषधे कमी करता आली.

तरीही विषाणूवाहक उपचाराला मर्यादा आहेत. तान्ह्या बाळाचे यकृत झपाट्याने वाढते, पेशी दुप्पट होतात, पण आत सोडलेले जनुक सहसा दुप्पट होत नाही. त्यामुळे परिणाम पातळ होत जातो. रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे असतील तर उपचार देताच येत नाही. आणि खास औषध बनायला सहा महिने लागणार असतील, तर ते सहा महिने बाळाला जगवायचे कसे? प्रश्न पुन्हा पुलापाशी येतो.

भारतात काय स्थिती आहे?

भारत या क्षेत्रात अगदीच नवखा नाही. हैदराबादमध्ये सी. एम. हबीबुल्ला यांच्या गटाने १९९४ मध्ये यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णांना पेशी दिल्याची नोंद आहे. हैदराबादमधूनच २००८ मध्ये क्रिग्लर-नज्जार असलेल्या लहान मुलीवर यकृताच्या पूर्वज पेशींचा प्रयोग प्रसिद्ध झाला. परंतु आज आपल्याकडे हा नियमित उपचार नाही.

इथेच सावध राहण्याची गरज आहे. ‘स्टेम सेलने यकृताचा कोणताही आजार बरा’ अशा जाहिराती मोबाइलवर सहज दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचे मूळ पेशी प्रत्यारोपण वगळता इतर वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेणे अपेक्षित नाही. कुणी लाखोंचे पॅकेज सांगत असेल, तर तो उपचार नव्हे, हे ओळखावे.

खात्रीचा मार्ग आजही आहार, औषधे आणि योग्य वेळी यकृत प्रत्यारोपण हाच आहे. दुर्मीळ आजारांसाठीच्या राष्ट्रीय धोरणात (२०२१) युरिया चक्राचे विकार आणि टायरोसिनेमियासह काही चयापचय विकारांसाठी यकृत प्रत्यारोपणाचा समावेश आहे. निवडक उत्कृष्टता केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. महाराष्ट्रात मुंबईचे केईएम रुग्णालय असे केंद्र आहे.

नवजात बाळांची टाचेतून थेंबभर रक्त घेऊन होणारी तपासणी देशभर सक्तीची नाही. गोव्याने २००८ मध्ये राज्यातील नवजात बाळांसाठी असा कार्यक्रम सुरू केला होता. अमोनियाचा सर्वात उग्र प्रकार मात्र काही वेळा तपासणीचा निकाल येण्याआधीच उसळतो. त्यामुळे डॉक्टरांच्या मनात शंका येणे हीच खरी पहिली चाचणी ठरते.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

• आधी छान असलेले बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुस्त झाले, दूध घेईनासे झाले, तर ‘अमोनिया तपासला का?’ असे नम्रपणे, पण स्पष्ट विचारा. हा नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो, नाहीतर आकडा चुकतो.

• घरात पूर्वी एखादे बाळ पहिल्या आठवड्यात कारण न कळता दगावले असेल, तर ते प्रसूतीआधीच डॉक्टरांना सांगा. ‘जुनी गोष्ट उकरायची कशाला’ म्हणून घरचे गप्प बसतात. तीच माहिती पुढच्या बाळाला वाचवू शकते.

• निदान झाल्यावर जनुकीय तपासणी करून घ्या. पुढच्या गर्भारपणात साधारण तिसऱ्या महिन्यात गर्भाची तपासणी शक्य असते. आई-वडिलांपैकी कोण यकृत देऊ शकेल, हेही त्यावरून ठरते. वाहक पालक बहुधा दाते होऊ शकतात. ओटीसीमध्ये आईची तपासणी आधी करावी लागते.

• कुणी पेशी उपचार सुचवला तर चार प्रश्न विचारा : ही नोंदणीकृत चाचणी आहे का? नैतिकता समितीची मंजुरी कुठे आहे? पैसे कशाचे? आणि हा कायमचा उपचार आहे की प्रत्यारोपणापर्यंतचा आधार?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कायमचा’ असे आले, तर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. १९९८ च्या त्या मुलीपासून टोकियोच्या बाळापर्यंत हाती लागलेले यश खरे आहे, पण ते वेळ मिळवून देणारे यश आहे. तीन किलोच्या बाळासाठी तेवढी वेळही फार मोलाची असते. फक्त ती कशासाठी मिळवली आहे आणि पुढे काय करायचे आहे, हे आई-वडिलांना पहिल्याच दिवशी कळायला हवे.